अधिक सहाव्यातले जोडे

रविवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला तेव्हा मी उशांचे अभ्रे भिजत घालत होते. हात साबणाचे होते म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा पाहिलं तर ऑफिसमधली छोटी, नी नावाची. रविवारी हिचं माझ्याकडे काय काम, म्हणून जरा वैतागूनच उचलला. नी दबक्या आवाजात म्हणाली, "थान ताई, कुठे आहात? मंग साहेब दोनदा विचारून गेले." मी म्हटलं, अगं आज रविवार ना. मग आजारी माणसाला सांगावं तसं हळू म्हणाली, "ताई, हा कामाचा रविवार आहे. नोटीस तुम्हीच लावलीत."

अभ्रे तसेच बादलीत सोडून मी कपडे बदलले, आणि जिना उतरताना पायमोजे दोन वेगळ्या जोड्यांतले असल्याचं दिसलं तरी परत वर गेले नाही. खरं तर प्रकरण एवढंसं. एक ऑक्टोबरपासून आठ दिवस सुट्टी. राष्ट्रीय दिन आणि आठव्या महिन्याची पौर्णिमा यंदा एकमेकांना चिकटून आलेले. पण आठ दिवस कुणी फुकट देत नाही. आधीचा एक रविवार आणि नंतरचा एक शनिवार सरकार कापून घेतं, आणि त्या दिवशी चीनभर माणसं तोंडं पाडून कामाला जातात. दरवर्षी कोणी ना कोणी विसरतंच. कुठल्याशा शाळेचा मास्तर विसरतो, कुणाची नवी सून विसरते, लोक आठवडाभर हसतात आणि सोडून देतात. पण मी थान यूनशिया. पाणीमीटरच्या कारखान्यात चौदा वर्षं सुट्ट्यांचा तक्ता मी करते. कोणत्या सणाला फाटकावर कोण बसणार, कोणाला बदली रजा, कोणता शनिवार गेला आणि कोणता आला, हे दोनशे दहा माणसं मला विचारतात. छिंगमिंगला पितरांच्या थडग्यांवर जायला कोणाला लवकर सोडायचं आणि पाचव्या महिन्याच्या पंचमीला भाताच्या पुरचुंड्या कोणाच्या सासरी पोचवायच्या आहेत, तेसुद्धा मला ठाऊक असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भुयारी गाडीत उभ्या उभ्या मी स्वतःला समजावत होते की एवढं काय, एक रविवार तर चुकला. पण मन काही समजून घ्यायला तयार नव्हतं. जी बाई चौदा वर्षांत एकदा चुकली नाही ती आज चुकली, तर ही पहिलीच चूक कशावरून? ही फक्त दुसऱ्या कुणाला दिसलेली पहिली असेल. जी कुणाला दिसली नाही, जिच्यासाठी कुणी फोन केला नाही, अशी एखादी आधीच होऊन बसली असेल. चिनान शहराच्या त्या गाडीत मी सणांची उजळणी करू लागले. नवं वर्ष झालं. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले होते, मासा नेला होता. कंदिलांची पौर्णिमा झाली, छिंगमिंग झालं, बाबांच्या थडग्यावरचं गवत मीच उपटलं. पंचमीच्या पुरचुंड्या कुरियरने पाठवल्या. मग सहावा महिना, मग परत सहावा... इथे मी अडकले. यंदा सहावा महिना दोनदा आला होता. अधिक सहावा. त्या महिन्यात काहीतरी करायचं होतं, आणि ते झालं की राहिलं हे मला आठवेना.

मंग साहेबांनी फक्त भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि "चहा घ्या" म्हणाले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. शिक्का काढायला मी टेबलाचा खालचा खण ओढला, तर तो अर्ध्यावर अडला. वाकून हात घातला. पुठ्ठ्याचं खोकं हाताला लागलं, आणि झाकण उचलायच्या आधीच मला सगळं कळलं. जांभळट लाल रंगाचे कापडी जोडे, मऊ तळाचे, वर एकच जास्वंदीसारखं फूल भरलेलं. नंबर सदतीस. आईचे.

अधिक महिना लागला त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारणीने बाहेर लाल पाटीच लावली होती. आमच्याकडे अधिक महिन्यात लग्न झालेल्या मुलीने आईला जोडे घ्यायचे असतात. मुलीचे जोडे घालून म्हातारी जादाचा महिना पार करते, मग तिला यमाचा धक्का लागत नाही असं म्हणतात. मला म्हणाल तर मी या गोष्टींवर विश्वास ठेवते असंही नाही, ठेवत नाही असंही नाही. नीने तिच्या आईसाठी निळे घेतले आणि त्याच संध्याकाळी कुरियरने पाठवून मोकळी झाली. मी म्हटलं, कुरियरने काय पाठवायचे, जोडे आहेत, औषध नव्हे; शनिवारी स्वतः जाऊन पायात घालेन. त्या शनिवारी लेकीचा शिकवणीवर्ग बदलला. पुढच्या शनिवारी असा उकाडा होता की नवरा म्हणाला, बसमध्ये चक्कर येऊन पडलीस तर तुलाच कुणी जोडे घालायला यायला नको. मग कारखान्यात तपासणी आली. मग अधिक महिना संपला, आणि सातवा लागला तो भुतांचा महिना. पौर्णिमेला रस्त्याच्या कडेला लोक पितरांसाठी कागद जाळतात तो. त्या महिन्यात म्हातारीला जोडे नेणं म्हणजे तिला भुतांबरोबर चालायला लावण्यासारखं, म्हणून मी मनाशीच ठरवलं की सातवा जाऊ दे. आणि सातवा गेला तेव्हा मी विसरले होते. हे सगळं एवढ्या सरळ रांगेत मला आठवलं की त्याचाच राग आला. चुका निदान गोंधळात तरी व्हाव्यात. मी खणापुढे ओणवी बसून बोटांवर दिवस मोजले. अधिक महिना संपून आज सदतीस दिवस झाले होते. जोडा सदतीस नंबरचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

कारण आईचं त्र्याहत्तरावं चालू आहे. आमच्या भागात त्र्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी ही दोन वर्षं म्हणजे उंबरठे. यमाने बोलावलं नाही तरी माणूस आपणहून जातो म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना त्या वर्षी कोणी वय विचारत नाही, आणि विचारलंच तर आई उत्तर देते, "गेल्या वर्षी बाहत्तर होतं, पुढच्या वर्षी चौऱ्याहत्तर." मी आपलं सरकारी हिशोबाने पाहते. जुन्या लोकांसारखं जन्माला आल्या दिवशीच एक धरायचं नाही, वाढदिवसाला वाढवायचं. त्या हिशोबाने ती अजून बाहत्तरच आहे. एकदा या विचाराने बरं वाटलं होतं, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की मग पुढच्या वर्षी ती पुन्हा त्र्याहत्तर होणार, म्हणजे भीती एका वर्षाची होती ती मी शहाणपणाने दोन वर्षांची केली. मासा मी वेळेवर केला होता. त्र्याहत्तराव्याला मुलीने जिवंत कार्प मासा न्यायचा, म्हणजे म्हातारी त्याच्याबरोबर उडी मारून उंबरठा ओलांडते. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आईने तो डोक्यासकट संपवला आणि काटे मला मोजायला लावून हसली. मासा झाला. जोडे राहिले. अर्ध्या उडीने कोणी उंबरठा ओलांडत नाही, धडपडतो.

दुपारपर्यंत मी तीनदा फोन लावला. आईने उचलला नाही. ती फोन बटाट्यांच्या टोपलीत ठेवते हे मला माहीत आहे, तरी पुन्हा पुन्हा लावला. न उचललेल्या फोनच्या प्रत्येक घंटेबरोबर मला बाबा आठवत होते. अकरा वर्षांपूर्वी अधिक नववा होता. मी पहिल्यांदाच, लग्नानंतरच्या हौसेने, आईला जोडे घेऊन गेले होते. तेही लालच. बाबा स्टुलावर बसून लसूण सोलत होते. आईने जोडे घालून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या, आणि बाबा म्हणाले, "आणि माझे पाय काय शेजाऱ्याचे?" आम्ही तिघंही हसलो. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हालाही. दुकानदारणीने आईचेच घ्यायचे असतात सांगितलं होतं, यात माझी काय चूक. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला, खिरीचं धान्य भिजत घातलेलं असताना, बाबा कोळसा आणायला म्हणून अंगणात गेले आणि तिथेच पडले. त्यांना रक्तदाब होता, थंडी होती, डॉक्टरांनी कारण लिहून दिलं. हे मी कुणाला कधी बोलले नाही, नवऱ्यालाही नाही, कारण बोलले असते तर तो म्हणाला असता की शिकलीसवरलेली बाई तू. पण माझ्या मनात ते दोन वाक्यांनी जोडलं गेलं ते गेलंच. त्यांनी जोडे मागितले होते. मी पुढच्या वेळी म्हटलं होतं. आता दरवर्षी दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आई बाबांसाठी कागदाचे गरम कपडे जाळते, आणि त्यात कागदाचे जोडेही असतात. तिला कधी तारीख चुकत नाही.

आणि तिने मागितलं नव्हतं असं तरी कुठे? मला आता तो फोनही आठवला. अधिक महिन्याचा मधला रविवार असेल. मी तक्ता भरत होते, फोन खांद्यात धरला होता. आई म्हणाली, शेजारच्या छ्यू काकूंच्या मुलीने तिला जोडे आणले, लाल. मी हूं म्हटलं. मग म्हणाली, समोरच्या घरातलीलाही आले, गल्लीत आता तिघींना आले. मी पुन्हा हूं म्हटलं, आणि "आई, राष्ट्रीय दिनाचे शनिवार-रविवार जुळत नाहीयेत गं" असं काहीतरी बोलले. ती थांबली. तिकडे पंखा फिरताना ऐकू येत होता. मग तिने विचारलं, जेवलीस का. माझी आई मागत नाही. ती असं शेजारच्या घरातलं बोलते आणि थांबते, तेच तिचं मागणं. त्या थांबण्यात मी काय करत होते, तर याच रविवारला कामाचा रविवार म्हणून लाल पेनाने गोल करत होते.

पावणेदोनला तिचा फोन आला. ती मैदानात बायकांबरोबर व्यायामाला गेली होती, मग बाजारात. "काय गं, एवढं काय पेटलंय?" म्हणाली. मी म्हटलं काही नाही, एक तारखेला येतेय. ती म्हणाली पौर्णिमेला सासरी जायचं असेल ना, मग ठीक, आधी ये, मूनकेक आणू नकोस, इथे कुणी खात नाही. जोड्यांबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोनवर काय सांगणार? आई, तुझे जोडे माझ्या खणात आहेत, दोन महिने शिक्क्याच्या मागे पडलेत? कातड्याचे जोडे करून घातले तरी आईचे उपकार फिटत नाहीत म्हणतात. मला कापडाचेही वेळेवर घालता आले नाहीत. नीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं की अधिक महिना उलटल्यावर जोडे दिले तर चालतात का. ती पोर बिचारी प्रामाणिक. म्हणाली, "वरातीमागून घोडं कसं चालेल ताई?" मग माझा चेहरा पाहून म्हणाली की तिला नक्की माहीत नाही, आईला विचारून सांगते. मी म्हटलं नको विचारू.

एक तारखेला बस अशी भरली होती की जोड्यांचं खोकं मी मांडीवर धरलं आणि पिशवी पायांत. सबंध देश एकाच सकाळी कुठे ना कुठे निघालेला. रस्त्याच्या दुतर्फा खांबाखांबाला झेंडे. पुढच्या बाकावरची बाई तिच्या सासूला मोठ्याने विचारत होती की कोळशाच्या भट्टीतलं बदक घरी पोचेपर्यंत टिकेल का, आणि मला वाटत होतं की बाईचे प्रश्न किती सोपे आहेत. मी तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते. आई, यंदा उशीर झाला. आई, हे असेच आणलेत, सणाचे नाहीत. आई, दुकानात स्वस्त मिळाले. यातलं प्रत्येक वाक्य ती ऐकेल आणि जेवलीस का विचारेल. मधे एकदा असंही आलं मनात की खोकं बसमध्येच विसरावं. आता विसरणं मला जमायला लागलंच आहे. पण तेवढा धीर झाला नाही. तीन तास मी ते दोन्ही हातांनी धरून बसले आणि उतरताना बोटं आखडली होती.

गल्लीच्या तोंडाशी छ्यू काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. बाबा असल्यापासून त्या शेजारी. मला पाहून त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "ये गं यूनशिया. तुझ्या आईने तर तू पाठवलेले जोडे पायातून काढले नाहीत. आमच्या सगळ्यांच्या पुढ्यात खोकं फोडलं हो तिने."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. त्या सांगतच राहिल्या. अधिक महिन्याचे शेवटचे तीन दिवस राहिले होते, सगळ्या म्हणत होत्या की थानच्या घरी अजून काही आलं नाही, मुलगी शहरात मोठ्या कामावर, वेळ कुठला. आणि त्या दिवशी संध्याकाळी आई खोकं घेऊन ओट्यावर आली, खोक्यावर तुझं अक्षर, आईचं नाव, पत्ता, सगळं. माझी मुलगी तारखांच्या कामातच असते, ती कशी चुकेल, असं म्हणाली. जरा महागातले दिसतात हो, असं काकू म्हणाल्या, आणि मग माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहून, "आणि हे काय, आणखी?" मी म्हटलं, मूनकेक.

माझं अक्षर असलेलं खोकं. वसंतात मी आईला कॅल्शियमच्या गोळ्या पाठवल्या होत्या. तेच ते. तिने ते घडी करून कपाटामागे ठेवलं असणार, ती सगळीच खोकी ठेवते. मग एके दिवशी ती बाजारात गेली असेल, एकटी, गुडघ्याला पट्टा बांधून, लाल पाटी लावलेल्या दुकानात. दुकानदारणीने विचारलं असेल, कुणासाठी. मला पुढचं डोळ्यांपुढे आणवेना. घर वीस पावलांवर होतं, ती मी मोजत गेले.

आई दारातच होती. पायात गडद लाल मखमली जोडे, टाचेशी थोडे मळलेले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं की छ्यू काकूंनी सांगितलंय. तिने आत जाऊन चुलीवरचं झाकण सारखं केलं, मला गरम पाणी दिलं, सूर्यफुलाच्या बिया पुढ्यात ठेवल्या. भिंतीवर तिचा रोज पान फाडायचा पंचांगाचा ठोकळा. आज मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली. शेवटी मीच खोकं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. समजावायला जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "आई, मी घेतले होते. पहिल्याच आठवड्यात घेतले होते. खणात राहिले."

तिने एक जोडा उचलला, तळ उलटून बोटाने दाबून पाहिला, फुलावरून अंगठा फिरवला. फूल छान आहे म्हणाली. मग नंबर पाहिला. "सदतीस?" तिने पाय जरा पुढे केला. "मला आता अडतीस लागतो गं. संध्याकाळी सुजतात."

कधीपासून, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, झालं की वर्ष. वर्षभर माझ्या आईचा पाय वाढत होता आणि मला तिच्या नोकरीच्या काळातला नंबर पाठ होता. छिंगमिंगला ती बाबांच्या थडग्यापर्यंत न येता खालीच दगडावर बसून राहिली होती, मला वाटलं होतं दम लागला. डॉक्टरला दाखवलंस का विचारलं तर म्हणाली, त्र्याहत्तराव्यात डॉक्टरकडे कोण जातं, नसलेलं शोधून काढतील. मी सुट्टी संपायच्या आत चिनानला घेऊन जाते म्हटलं. ती पौर्णिमा होऊ दे म्हणाली. मी नाही म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि त्या चढलेल्या आवाजातच माझ्या तोंडून ते निघालं जे चार दिवस घशाशी होतं. "स्वतः विकत घेतलेले चालतात का आई? ते मुलीचेच लागतात ना?"

आईने बियांची सालं ओंजळीत गोळा केली. "यम काही पावती मागत नाही," ती म्हणाली. "शेजारणी मागतात."

आणि हसली. मला हसू आलं नाही. मी रडले, अगदी नाक वाहीपर्यंत, आणि तिने मला रडू दिलं. तेवढ्यात ती उठून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात डांबराच्या दोन गोळ्या, एक जुनं कुरियरचं खोकं आणि जाड काळं पेन होतं. जोडे तिने वर्तमानपत्रात गुंडाळले, एकेका जोड्यात एकेक गोळी घातली आणि ते त्या खोक्यात नीट बसवले. म्हणाली, तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आहे, अधिक पाचवा, तिने पंचांगात पाहून ठेवलंय. तेव्हा तिला शहात्तर. तोवर सूज उतरेल, हेच होतील. मी म्हटलं, मी नवे आणीन, अडतीसचे, वेळेवर आणीन. ती बरं म्हणाली. पोराचं मन राखायला म्हणतात तसं ते बरं होतं.

मग तिने खोकं माझ्यापुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. "यावर माझं नाव लिही. तुझ्या अक्षरात. पत्ताही पुरा लिही, घर नंबरासकट."

बाहेर छ्यू काकू कुणाला तरी सांगत होत्या की थानची मुलगी आली. मी आईचं नाव लिहिलं. गल्ली लिहिली, घर नंबर लिहिला, खाली पाठवणारीचं म्हणून माझं नाव लिहिलं. घाईत लिहिलेलं अक्षर माझं वाटत नव्हतं, तर आई म्हणाली, सावकाश, घाई नाही. चौदा वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप उजव्या कोपऱ्यात वर गेला. तिथे आईने आपला हात आडवा ठेवला.

"तारीख नको घालूस," ती म्हणाली. "तारीख मी घालीन."